पानाबाहेरचा मजकूर

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात काकू नौपाड्याहून माझ्याकडे ऐरोलीला आल्या आणि त्यांनी हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. पिशवीतून अकरा झिप डिस्क निघाल्या. गडद निळ्या, तळहातात मावणाऱ्या, फ्लॉपीपेक्षा चांगल्या जाड, आणि बहुतेकींच्या लेबलावर माझेच अक्षर होते. "माळा आवरताना सापडल्या," काकू म्हणाल्या. "ह्यांनी कधी टाकू दिल्या नाहीत. यांत वाचण्यासारखं काही शिल्लक आहे का, एवढं बघ."

काकूंचे यजमान, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणत असू, ठाण्यातून एक दिवाळी अंक काढत. त्या अंकाची पाने गोखले रस्त्यालगतच्या एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या, गाळ्यात लागत आणि त्या गाळ्यात मी ऑपरेटर होते. २६ जुलै २००५ च्या पावसात गाळ्यात पाणी शिरले तेव्हा दोन्ही मॅकिंटॉश, त्यांच्या हार्डडिस्क आणि खालच्या खणातले बटरचे, म्हणजे छपाईसाठी पाने काढलेल्या अर्धपारदर्शक कागदाचे, गठ्ठे असे सगळेच गेले. अंक छापून झाल्यावर सर आठवणीने मागून घरी नेत असत, म्हणून या डिस्क तेवढ्या वाचल्या. सर आता नाहीत. त्यामुळे काकूंनी सहज म्हणून टाकलेले वाक्य मला सहज घेता आले नाही.

आज ज्यांना शंभर मेगाबाइट म्हणजे मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ वाटतो, त्यांना झिप डिस्कचे अप्रूप कळणे अवघड आहे. १९९५ साली आयोमेगा कंपनीची ही डिस्क बाजारात आली तेव्हा आमचा सारा व्यवहार १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर चालत असे. छायाचित्रे असलेले एक पानही फ्लॉपीत मावत नसे, मग फाइलीचे तुकडे करून सहा-सात फ्लॉप्या न्यायच्या आणि त्यांतली पाचवी तिकडे गेल्यावर वाचली जात नसे. एका झिप डिस्कमध्ये साधारण ७० फ्लॉप्यांचा ऐवज बसे. अख्खा अंक एका डिस्कवर घालायचा, ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायची, आणि विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने तुर्भ्याला छापखान्यात जायचे, असा माझा दिवाळीआधीच्या महिन्याचा शिरस्ता होता. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल तेव्हा सुरू झाली नव्हती, ती २००४ साली आली.

डिस्कबरोबर फॉन्टही न्यावे लागत, ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुढच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ तिथेच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, आमच्या कामात येण्याआधी मराठी अक्षरे म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रे होती. कुठल्या जागेवर 'क' बसवायचा आणि कुठल्या जागेवर रफार, हे प्रत्येक फॉन्ट बनवणारा आपापल्या मर्जीने ठरवत असे. म्हणून ज्या फॉन्टात मजकूर टाइप केला तोच फॉन्ट पुढच्या यंत्रावर नसेल, तर पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. फॉन्टचा फोल्डर पानांच्या शेजारीच ठेवायचा, ही सवय तेव्हा नाइलाजाने लागली होती. त्या सवयीचे उपकार मला सत्तावीस वर्षांनी कळले.

लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानाच्या एका दुकानात यूएसबीवर चालणारा झिप ड्राइव्ह मिळाला. पहिली डिस्क आत सरकवताना मी श्वास रोखून कान लावून बसले होते. या ड्राइव्हमधून एका लयीत 'टक टक' असा आवाज येऊ लागला की डिस्क वाचणारे हेड बिघडले असे समजायचे, आणि तसा ड्राइव्ह चांगली डिस्क खराब करतो, खराब झालेली डिस्क पुढचा ड्राइव्ह बिघडवते, असा तो संसर्ग असे. तो आवाज आला नाही. डिस्क फिरू लागल्याची घरघर आली आणि लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या माझ्या संगणकाच्या पडद्यावर फोल्डर उमटला.

मग मी ती चूक केली जी या कामात पहिल्यांदा उतरणारा बहुधा प्रत्येक जण करतो. फाइली दिसल्या म्हणून मी त्या उचलून पेनड्राइव्हवर घेतल्या. पानांच्या फाइली आल्या, पण फॉन्टच्या फोल्डरमधली जवळजवळ प्रत्येक फाइल शून्य बाइटची झाली होती.

याचे कारण मॅकिंटॉशच्या जुन्या रचनेत आहे. १९८५ साली आलेल्या एचएफएस या पद्धतीत प्रत्येक फाइलीला दोन अंगे असत. एका अंगात मजकूर किंवा चित्र अशी मुख्य माहिती, आणि दुसऱ्या अंगात, ज्याला रिसोर्स फोर्क म्हणत, तिचे चिन्ह, तिचे संवाद, तिचे लहानमोठे घटक. फॉन्टच्या बाबतीत तर जे काही असे ते त्या दुसऱ्या अंगातच असे. विंडोज किंवा पेनड्राइव्हची साधी फाइलपद्धती हे दुसरे अंग ओळखतच नाही. ती पहिले अंग उचलते, आणि पहिले अंग रिकामे असेल तर इमानेइतबारे रिकामी फाइल लिहून ठेवते. अलीकडचे मॅकही इथे मदतीला येत नाहीत, कारण २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकओएसने या जुन्या एचएफएसला वाचणेही सोडून दिले आहे.

त्या रात्री मला एक गोष्ट पक्की कळली. या डिस्कमधल्या फाइली बाहेर काढून आजच्या जगात आणण्यापेक्षा डिस्क आहे तशी, पुरती, तिच्या जुन्या जगात नेली पाहिजे. तिथे तिला ओळखणारी प्रणाली आहे, आम्ही ज्यात पाने लावत असू तो पेजमेकर आहे, फॉन्ट ठेवायची जागा आहे. ते जग आता खऱ्या यंत्रात उरलेले नाही, पण एम्युलेटरमध्ये आहे. एम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकावर चालणारी, जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेणारी प्रणाली. आतल्या मॅकला आपण १९९८ सालातल्या टेबलावर बसलो आहोत असेच वाटत असते.

मॅकसाठी असे दोन एम्युलेटर प्रसिद्ध आहेत. आधीच्या मॅकमधल्या ६८००० कुळातल्या प्रोसेसरचे सोंग घेणारा बॅसिलिस्क टू, आणि नंतरच्या पॉवर मॅकिंटॉशमधल्या पॉवरपीसी प्रोसेसरचे सोंग घेणारा शीपशेव्हर. दोन्हींच्या मुळाशी क्रिस्टियान बाउअर यांचे काम आहे. आमचे गाळ्यातले यंत्र पॉवर मॅकिंटॉश असल्यामुळे मी शीपशेव्हर निवडला. तो मॅक ओएस ९.०.४ पर्यंतच जातो, आणि मला त्यापुढे जायचेही नव्हते. त्याला चालायला खऱ्या मॅकची रॉम, म्हणजे यंत्रात कायमची कोरलेली मूळ प्रणाली, लागते. माझ्याजवळ मॅक ओएसची जुनी मूळ सीडी होती, तिच्यातली रॉमची फाइल कामी आली. प्रणाली बसवणे, पेजमेकर ६.५ बसवणे यांत एक रविवार गेला, त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा झिप ड्राइव्हची होती. आमच्या मॅकमध्ये झिप ड्राइव्ह स्कझी या त्या काळच्या जोडणीच्या केबलने जोडलेला असे आणि त्याला ओळखणारी आयोमेगाची छोटी प्रणाली सिस्टिम फोल्डरमध्ये असे. मी भाबडेपणाने तीच प्रणाली एम्युलेटरमध्ये टाकून पाहिली. तिचा काही उपयोग नव्हता, कारण शीपशेव्हर स्कझीच्या तारेचे सोंग घेतच नाही. तो मॅकच्या रॉममधला डिस्कचा चालक काढून तिथे स्वतःचा चालक बसवतो, आणि तो चालक सेटिंगमध्ये लिहून दिलेल्या डिस्क मॅकपुढे ठेवतो. म्हणजे मॅकला झिप ड्राइव्ह कधीच दिसत नाही, त्याला फक्त एक डिस्क दिसते. ती निळ्या प्लास्टिकातली आहे की साधी फाइल आहे, याची त्याला गंधवार्ताही नसते.

तरीही मी आधी खरा ड्राइव्हच जोडून पाहिला. सेटिंगमध्ये ड्राइव्हचे लिनक्समधले नाव लिहिले, वाचण्याची परवानगी दिली, आणि एम्युलेटर सुरू केला. डेस्कटॉपवर डिस्कचे चिन्ह आले, तिचे नाव आले, आणि मी खुर्चीत मागे टेकले. पण हे सुख टिकणारे नव्हते. डिस्क आत जाताच लिनक्सही ती आपणहून उघडत होता आणि आतला मॅकही आपली समजत होता, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघांपैकी एकाने जरी तिच्यावर काही लिहिले तर दुसऱ्याच्या डोक्यातला डिस्कचा नकाशा खोटा ठरतो आणि मग उरलेसुरलेही जाते. शिवाय डिस्क बदलणे जमेना. मॅकच्या रीतीप्रमाणे डिस्कचे चिन्ह ट्रॅशमध्ये ओढले की ते पडद्यावरून नाहीसे होई, पण टेबलावरचा ड्राइव्ह ढिम्म. त्याला लिनक्सच्या बाजूने वेगळी आज्ञा द्यावी लागे आणि नव्या डिस्कसाठी एम्युलेटर पुन्हा सुरू करावा लागे. काढता-घालता येणारी डिस्क हे ज्या वस्तूचे सारे वैशिष्ट्य, तेच इथे बाद होत होते.

म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेले, आणि हे काम करू पाहणाऱ्या कोणालाही मी तीच वाट सांगेन. प्रत्येक डिस्कची पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत तंतोतंत प्रत काढायची, जिला इमेज म्हणतात, आणि एम्युलेटरला ती इमेज द्यायची. यासाठी मी डीडीरेस्क्यू वापरला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे दुबळ्या डिस्कवर सुरुवातीलाच ताण पडत नाही. शंभर मेगाबाइटच्या झिप डिस्कमध्ये ५१२ बाइटचे १,९६,६०८ ब्लॉक असतात, म्हणजे इमेज बरोबर १०,०६,६३,२९६ बाइटची झाली पाहिजे. प्रत्येक प्रत पूर्ण झाल्यावर मी हा आकडा वहीत ताडून पाहत असे. तो जुळला की त्या डिस्कवर बरोबरची खूण.

प्रतीची सुरुवात मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रणालीत, उघडून पाहत असे, आणि या पाहण्यात मला फार गोडी वाटली. मॅकवर तयार केलेल्या डिस्कच्या पहिल्या दोन बाइटमध्ये 'ई' आणि 'आर' ही रोमन अक्षरे असतात. पुढच्या ब्लॉकच्या तोंडाशी 'पी' आणि 'एम' असतात, तो विभागांचा नकाशा. त्या नकाशात एचएफएसचा विभाग कुठे सुरू होतो ते लिहिलेले असते, आणि त्या विभागाच्या आरंभापासून १,०२४ बाइट पुढे गेले की 'बी' आणि 'डी' भेटतात. ही तीन ठिकाणे शाबूत असली की समजावे, घर उभे आहे. शीपशेव्हरलाही हा नकाशा वाचता येतो, म्हणून त्याला पुरी इमेज दिली तरी एचएफएसचा विभाग तो स्वतः शोधून काढतो.

आणखी एक गोष्ट. फ्लॉपीला मजकूर पुसला जाऊ नये म्हणून कोपऱ्यात एक सरकती खिटी असे. झिप डिस्कला तशी खिटी नाहीच. तिला कुलूप लावायचे तर ते आयोमेगाच्या प्रणालीतूनच लागे. जुना मॅक मात्र डिस्क समोर येताच तिच्यावर काही ना काही लिहितो, आपल्या डेस्कटॉपच्या नोंदी ताज्या करतो. शीपशेव्हरमध्ये यावर एक साधा उपाय आहे. सेटिंगमध्ये डिस्कच्या नावाआधी एक तारांकन घातले की आतल्या मॅकला ती डिस्क कुलूपबंद दिसते आणि तो तिच्यावर काहीही लिहू शकत नाही. अकरा डिस्कच्या या उद्योगात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे एक चिन्ह.

अकरांपैकी आठ डिस्क अशा रीतीने उघडल्या. दोन डिस्कच्या सुरुवातीला 'ई' आणि 'आर' नव्हते. पहिल्या ब्लॉकच्या शेवटी पीसीची खूण होती. गाळ्यात एक विंडोजचे यंत्रही होते, त्याच्यावरच्या या डिस्क. पीसीच्या झिप डिस्कमध्ये एक विचित्र रीत आहे. तिच्यावर विभाग एकच असतो, पण तो पहिल्या क्रमांकावर नोंदलेला नसून चौथ्या क्रमांकावर असतो. या दोन डिस्क मी ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये विंडोज ९८ बसवून उघडल्या. हा एम्युलेटर खुद्द झिप ड्राइव्हचे सोंग घेतो, त्यामुळे चालू असतानाच डिस्क काढता आणि घालता येते, आणि विंडोजला तो बदल जुन्या काळासारखाच जाणवतो. आधी मी हुशारी करून फक्त चौथा विभाग वेगळा काढून त्याला दिला होता. त्याने तो घेतला नाही, कारण माझ्याकडच्या आवृत्तीला झिपच्या इमेजचा आकार बाइटला बाइट जुळावा लागतो. पुरी इमेज देताच काम झाले. डिस्क पुरती नेली पाहिजे, हा धडा मला दुसऱ्यांदा मिळाला.

अकरावी डिस्क मी ड्राइव्हमध्ये घातलीच नाही. तिचे पत्र्याचे झाकण बोटाने बाजूला सरकवून पाहिले तर आतल्या तपकिरी पृष्ठभागावर पांढरट ठिपके होते. ठाण्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत माळ्यावरच्या लोणच्याला, चामड्याच्या पट्ट्याला जी बुरशी येते, तीच. तशी डिस्क फिरवली असती तर ती बुरशी हेडला लागून पुढच्या प्रत्येक डिस्कवर गेली असती. ती मी सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करून वेगळी ठेवली आहे.

१९९८ च्या अंकाची डिस्क उघडली त्या दिवशी काकूंना मी मुद्दाम बोलावून घेतले होते. इमेजमधला फोल्डर मी एम्युलेटरच्या आतच, मॅकच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर ओढून नेला. पेजमेकर काम चालू असताना अधूनमधून फाइलीत आपणहून लिहीत असतो, म्हणून मूळ जागी ती उघडणे मला नको होते. आत केलेल्या प्रतीत दोन्ही अंगे सुखरूप आली. फॉन्टच्या फाइली, ज्यांना मॅकवर सूटकेस म्हणत आणि ज्या बाहेर शून्य बाइटच्या झाल्या होत्या, इथे भरल्या होत्या. त्या सिस्टिम फोल्डरवर सोडल्या, यंत्राने त्या आपणहून फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. मग पानांची फाइल उघडली. फॉन्ट हरवल्याची पेजमेकरची खिडकी येईल म्हणून मी वाट पाहत होते. ती आली नाही. अनुक्रमणिकेचे पान मराठीत समोर आले.

"हे तर तेच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पेजमेकर वापरलेल्यांना ठाऊक असेल की त्यात पानाच्या चारी बाजूंना मोकळी पांढरी जागा असते, जिला पेस्टबोर्ड म्हणत. त्या जागेत ठेवलेले काही छापले जात नाही, आणि तिथे ठेवलेली वस्तू कुठल्याही पानावर गेले तरी बाजूला दिसत राहते. आम्ही ऑपरेटर तिचा वापर टेबलाच्या कोपऱ्यासारखा करत असू. पूर्ण पान दिसेल एवढे लहान केल्यावर मला उजव्या बाजूला मजकुराचे चार उभे पट्टे दिसले. ते जवळ आणून पाहिले. वरच्या पट्ट्यावर मथळा होता, 'मीठागरातील माणसे', आणि खाली काकूंचे नाव.

तेव्हा मला सारे आठवले. शेवटच्या दिवशी पूर्ण पानाची एक जाहिरात आली होती. सरांनी गाळ्यात उभे राहून थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "आमच्या घरचाच लेख काढा, दुसऱ्या कुणाला दुखवणं बरं नाही." मी तो लेख पुसला नव्हता, चारही पट्टे ओढून पानाबाहेर ठेवले होते, पुढच्या वर्षी घेता येईल म्हणून. पुढच्या वर्षी नवी फाइल झाली. काकूंचे हस्तलिखित गाळ्यातच राहिले होते, आणि गाळ्याचे काय झाले ते वर आलेच आहे.

काकूंनी तो लेख पडद्यावर वाचला. मी पट्टा वर सरकवत होते आणि त्या ओठांतल्या ओठांत वाचत होत्या. खाडीकाठच्या मिठागरांत पाणी घेण्याची भरती, वाफ्यांत पायाने चोपून घट्ट केलेली जमीन, मीठ ओढायचे लाकडी दाताळे, पायांच्या भेगांत भिनणारे मीठ. त्यांचे बालपण कोपरीत गेले, त्यामुळे त्यांनी यातले काही कुणाला विचारून लिहिलेले नव्हते. वाचून झाल्यावर त्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मथळ्यात चूक आहे गं. मीठ दीर्घ, पण मिठागर ऱ्हस्व. मी तेव्हाही ऱ्हस्वच लिहिलं होतं."

"माझ्याकडून झाली असणार, काकू. आत्ता करते दुरुस्त."

ते सोपे नव्हते. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी ऑप्शनची कळ दाबून येत असे, आणि ऑप्शनच्या जागी असलेली माझी ऑल्टची कळ एम्युलेटरपर्यंत पोचायच्या आत लिनक्स आपल्याच कामाला लावत होता. पण त्या जुन्या फॉन्टांत वेलांटी हे स्वतंत्र चित्र असे, आजच्यासारखी ती अक्षराला चिकटलेली नसे. मी पहिल्याच ओळीतल्या 'किनारा' या शब्दातली 'क'च्या आधीची वेलांटी एकटी निवडली, तिची प्रत घेतली, मथळ्यातल्या 'म'पुढची दीर्घ वेलांटी खोडली आणि 'म'च्या आधी ती ऱ्हस्व आणून ठेवली. मथळ्याच्या मानाने ती फार लहान दिसत होती, तिला मथळ्याच्या मापाची केली. काकूंनी चष्मा वर करून पाहिले आणि मान हलवली.

ही दुरुस्ती प्रतीत आहे. झिप डिस्कवर आणि तिच्या इमेजमध्ये मिठागर अजूनही दीर्घच आहे, कारण त्या नावाआधीचे तारांकन मी काढलेले नाही.